इन्सुलिन, चरबीची पेशी आणि तिचं व्होल्टेज: कारण की परिणाम?

मुक्ता_प
नमस्कार. मी जीवरसायनशास्त्रात एमएस्सी करते. आमच्या जर्नल क्लबमध्ये या वेळी माझ्या वाट्याला १९८० च्या आसपासचं काम आलंय. पांढऱ्या उंदरांच्या सुट्या केलेल्या चरबीपेशी घ्यायच्या, त्यांना इन्सुलिन द्यायचं, अ‍ॅड्रेनलिन द्यायचं, इन्सुलिनची नक्कल करणारी इतर द्रव्यं द्यायची, आणि प्रत्येक वेळी पेशीच्या पडद्यावरचं व्होल्टेज मोजायचं.

माझं अडतंय ते इथे. इन्सुलिन आलं की ग्लुकोज पेशीत जातं, एवढं पाठ आहे. पण ग्लुकोजवर विद्युतभार नसतो. मग व्होल्टेज मोजायचं कशाला? चरबीची पेशी चेतापेशीसारखा संदेश धाडत नाही की स्नायूसारखी आकसत नाही. मला वाटतं व्होल्टेज हलणं हा इन्सुलिनच्या कामाचा नुसता परिणाम आहे, कारण नाही. आमच्या सरांना हे उत्तर फार सरळसोट वाटतं. जाणकारांनी बोलावं.

रातराणी
वाखु साठवली. चरबीच्या पेशीतही वीज असते हे आजच कळलं. म्हणजे आमच्या आळीला भारनियमनाची चिंता नको, एकेकाकडे केवढा साठा आहे!

सह्यकडा
रातराणी 😀 साठा चरबीचा, विजेचा नाही. पण विजेचंही कौतुक वाटेल असाच आकडा आहे. पेशीचा पडदा साधारण ७ नॅनोमीटर जाड. त्याच्या दोन बाजूंत ७० मिलिव्होल्टचा फरक म्हणजे मीटरमागे १ कोटी व्होल्ट इतकं क्षेत्र होतं. पडद्यात रोवलेल्या प्रथिनांना हे सतत सोसावं लागतं. म्हणून व्होल्टेज पाच-सात मिलिव्होल्टने हललं तरी "त्याने काय होतंय" असं मी म्हणणार नाही.

बाकी वाचकांसाठी: पेशीच्या आत पोटॅशियम भरपूर (लिटरमागे १४० मिलिमोलच्या आसपास), बाहेर ४-५. सोडियम नेमकं उलट. हा फरक टिकवतो तो सोडियम-पोटॅशियम पंप, जो दर फेरीला ३ सोडियम बाहेर टाकतो आणि २ पोटॅशियम आत घेतो. येन्स स्कू यांनी १९५७ साली त्याचा शोध प्रसिद्ध केला, त्यासाठी १९९७ साली नोबेल मिळालं. पडद्यातून पोटॅशियम सहज झिरपत असेल तर आतली बाजू बाहेरच्या मानाने ऋण होते.

तालुक्याचा डॉक्टर
मुक्ताताई, "नुसता परिणाम" म्हणताय खरं, पण त्या परिणामावर आम्ही माणसं वाचवतो.

मूत्रपिंड निकामी झालेला रुग्ण डायलिसिस चुकवून येतो. रक्तातलं पोटॅशियम ७ च्या वर, ईसीजीत (हृदयाच्या विजेच्या आलेखात) टी लहरी टोकदार, कधी क्यूआरएस हा ठोक्याचा भाग रुंदावलेला. पहिलं काम कॅल्शियम ग्लुकोनेट, हृदयाच्या पेशी सावरायला. त्याच्या पाठोपाठ शिरेतून १० युनिट साधं इन्सुलिन आणि सोबत २५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे आपल्याकडे २५ टक्के डेक्स्ट्रोजचे १०० मिली. १०-२० मिनिटांत पोटॅशियम उतरायला लागतं आणि चार-सहा तास उतरलेलं राहतं. हे ग्लुकोज रुग्णाची साखर फार खाली जाऊ नये म्हणून. पोटॅशियम आत नेतं ते इन्सुलिन, वर सांगितलेला सोडियम-पोटॅशियम पंप जोरात चालवून. साखर आधीच खूप वाढलेली असेल तर ग्लुकोज न देताही इन्सुलिन पोटॅशियम उतरवतं.

पोटॅशियम शरीराबाहेर गेलेलं नसतं, फक्त पेशींत सरकलेलं असतं. तेवढ्या वेळात रुग्णाला डायलिसिसपर्यंत पोचवायचं. रुग्णवाहिका निघेपर्यंत मॉनिटरवरून नजर हलत नाही.

उलट बाजूही आहे. मधुमेहातल्या किटोअ‍ॅसिडोसिसमध्ये (इन्सुलिनअभावी रक्त आम्लधर्मी होतं तेव्हा) पोटॅशियम ३.५ च्या खाली असेल तर इन्सुलिन लगेच सुरू करत नाहीत, आधी पोटॅशियम भरतात. नाहीतर इन्सुलिन उरलंसुरलं पोटॅशियमही पेशींत ढकलतं आणि हृदयाची लय बिघडते.

खानदेशी वांगं
डॉक्टर, हे पोटॅशियम चरबीत जातं का?

तालुक्याचा डॉक्टर
मुख्यतः स्नायूंत आणि यकृतात. शरीरातलं ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं आणि त्यातला मोठा वाटा स्नायूंचा. चरबीच्या पेशीतही इन्सुलिन तोच पंप चालवतं, पण तिथे पोटॅशियम ठेवायला जागाच किती असणार?

जुना शरीरक्रियावाला
निवृत्त आहे, हा विषय आयुष्यभर शिकवला, म्हणून सविस्तर लिहितो.

या प्रश्नाची सुरुवात चरबीत नाही, स्नायूत झाली. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या केनेथ झिअरलर यांनी १९५७ साली दाखवलं की इन्सुलिन दिल्यावर उंदराच्या स्नायूपेशीची आतली बाजू आणखी ऋण होते. फरक मोजक्या मिलिव्होल्टचा. तोवर सगळे समजत होते की पोटॅशियम आत जातं ते ग्लुकोजच्या मागोमाग. झिअरलर म्हणाले, नाही, आधी व्होल्टेज बदलतं आणि त्या ओढीने पोटॅशियम आत जातं. त्यापुढचं पाऊल जास्त धाडसाचं होतं: व्होल्टेजचा हा बदल म्हणजेच इन्सुलिनच्या ग्राहकापासून (पडद्यावरच्या, इन्सुलिनला धरणाऱ्या प्रथिनापासून) ग्लुकोजच्या वाहकापर्यंत जाणारा निरोप असेल.

मुक्ता, तू हे आजच्या ज्ञानाने वाचतेस, म्हणून तुला विचित्र वाटतं. त्या काळात जाऊन बघ. इन्सुलिनचा ग्राहक टायरोसिन कायनेज, म्हणजे प्रथिनांवर फॉस्फेट चढवणारं विकर, आहे हे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कळलं. त्याआधीची वीस-पंचवीस वर्षं प्रश्न एकच होता: इन्सुलिन पेशीच्या बाहेर चिकटतं आणि काम आत होतं, मग मधला निरोप्या कोण? सदरलंड यांनी अ‍ॅड्रेनलिनचा निरोप्या शोधला, सायक्लिक एएमपी, आणि १९७१ चं नोबेल घेतलं. इन्सुलिनच्या निरोप्यासाठी प्रत्येक प्रयोगशाळा झटत होती. पडद्याचं व्होल्टेज त्या शर्यतीतला पूर्णपणे लायक उमेदवार होता. चटकन बदलतं, अख्ख्या पडद्यावर एकदम पसरतं, आणि त्यासाठी वेगळा रेणू लागत नाही.

चरबीच्या पेशीकडे लोक वळले ते एका सोयीमुळे. १९६४ साली मार्टिन रॉडबेल यांनी कोलॅजनेज हे पेशींमधला जोड विरघळवणारं विकर वापरून चरबीच्या पेशी सुट्या करून दाखवल्या. पुढे १९९४ साली त्यांना जी-प्रथिनांसाठी नोबेल मिळालं, पण ही सुटी पेशी ही त्यांची देणगीही लहान नाही. इन्सुलिनला इतका जोरकस प्रतिसाद देणारी दुसरी सुटी पेशी मिळणं कठीण.

टोरांटोकर
काका, सुंदर. अवांतर: इथल्या विद्यापीठाच्या परिसरातून जाताना दर वेळी बँटिंग, बेस्ट, कॉलिप, मॅक्लाउड ही चार नावं आठवतात. शोध १९२१ चा. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला पहिली सुई. पहिला अर्क अशुद्ध निघाला. कॉलिपने शुद्ध केलेला अर्क दिल्यावर मुलगा सावरला. त्यानंतर कितीतरी वर्षं ते नेमकं कसं काम करतं हे कुणालाच माहीत नव्हतं आणि तरी लाखो जीव वाचत होते.

पिपेटवाली
काकांच्या "सुटी पेशी" वर प्रत्यक्ष हाताने काम केलंय, म्हणून मोजमापाबद्दल लिहिते. मुक्ता, तुझ्या सादरीकरणाचा अर्धा वेळ इथे दे, कारण खरी भानगड इथेच आहे.

पांढऱ्या चरबीची पेशी ५० ते १०० मायक्रॉनची, कधी त्याहून मोठी. पण तिच्यात एकच थोरला तेलाचा थेंब असतो आणि खरा पेशीरस त्याच्याभोवती एखाद्या मायक्रॉनच्या पापुद्र्याएवढा. पुरणपोळीत पुरण दडपून भरलंय आणि पारी पार कागदासारखी, असं समज. आता काचेच्या सुईचं टोक त्या पारीत थांबवायचं, पुरणात घुसू द्यायचं नाही. सुई थोडी पुढे गेली की तेल लागतं, भोक नीट मिटलं नाही की आयन (विद्युतभारित कण) गळतात आणि व्होल्टेज शून्याकडे सरकतं. म्हणजे मोजण्यानेच मोजायची गोष्ट बिघडते. त्यात या पेशी तरंगतात. सेंट्रिफ्यूज केलं की बाकी सगळ्या पेशी तळाशी बसतात, या वर येऊन थांबतात. काचेच्या नळीत फुटतात, म्हणून सगळं प्लास्टिकमध्ये. आणि वरचा तेलाचा थर वाढायला लागला की समजावं, आज पेशी मरतायत, घरी जा.

म्हणून १९७०-८० च्या दशकांत दुसरी वाट निघाली: तेलात मिसळणारे धनभारित आयन, उदाहरणार्थ टेट्राफेनिलफॉस्फोनियम. पेशीची आतली बाजू जितकी ऋण, तितका हा आयन आत जास्त साठतो. दर ६० मिलिव्होल्टमागे दहापट, हे नर्न्स्टचं गणित. किरणोत्सारी खूण लावलेला आयन घ्यायचा, आत किती आणि बाहेर किती ते मोजायचं. सुई नाही, भोक नाही.

पण मायटोकॉन्ड्रिया, पेशीतली ऊर्जाकेंद्रं! त्यांची आतली बाजू उणे १५० मिलिव्होल्टच्याही खाली असते. म्हणजे पेशीत शिरलेला बहुतेक आयन तिथे जाऊन बसतो. इन्सुलिनने मायटोकॉन्ड्रियाचं व्होल्टेज जरा हललं तरी तुला वाटणार बाहेरचा पडदा हलला. त्यात हा आयन पेशीतल्या इतर घटकांनाही चिकटतो, तो वजा करावा लागतो. तू वाचतेस त्या कामात ही वजाबाकी कशी केलीय ते आधी बघ. एका गटाला इन्सुलिनने पेशी जास्त ऋण झालेली दिसली, दुसऱ्याला काहीच फरक दिसला नाही, यामागे पद्धतीचा हात मोठा आहे.

रातराणी
आता मी होळीची पोळी लाटताना सुई घेऊन बसणार. पिपेटवाली ताई, दंडवत.

गंधार_के
मी मुक्ताच्या बाजूने. हा वाद १९८० सालीच मिटला. कुशमन आणि वॉर्डझाला यांनी, आणि त्याच वर्षी स्वतंत्रपणे सुझुकी आणि कोनो यांनी, उंदराच्या चरबीपेशीतच दाखवलं की ग्लुकोजचे वाहक आधीपासून पेशीच्या आत साठवलेले असतात आणि इन्सुलिन त्यांना पडद्यावर आणून बसवतं. वाहक वाढले, ग्लुकोज जास्त शिरलं. १९८८-८९ मध्ये तो वाहक ओळखला गेला, ग्लुट-४. हा वाहक ग्लुकोजला जास्तीकडून कमीकडे जाऊ देतो. त्याला व्होल्टेजची गरज नाही. पुढे १९९० च्या दशकात वॉर्टमॅनिन या द्रव्याने पीआय-३ कायनेज हे इन्सुलिनचा संदेश पुढे नेणारं विकर बंद केलं की ग्लुट-४ पडद्यावर येत नाही हेही दिसलं. निरोप्या सापडला. व्होल्टेज बाद.

जुना शरीरक्रियावाला
गंधार, ग्लुकोजपुरतं मान्य. पण इन्सुलिन म्हणजे फक्त ग्लुकोज नव्हे. चरबीच्या पेशीत इन्सुलिनचं सर्वांत नाजूक काम म्हणजे चरबी विरघळणं थांबवणं, आणि ते ग्लुकोज शिरण्यासाठी लागतं त्याहून कमी इन्सुलिनमध्ये होतं. अ‍ॅड्रेनलिन सायक्लिक एएमपी वाढवतं आणि चरबी सुटते. इन्सुलिन फॉस्फोडायएस्टरेज-३बी हे विकर जागं करून तो एएमपी मोडतं आणि चरबी सुटणं थांबतं. दोन्ही संप्रेरकं एकाच पडद्यावर येऊन एकमेकांविरुद्ध काम करतात. मग पडद्याचं व्होल्टेज दोघांनी कसं हलवलं हे तपासणं अगदी रास्त आहे. मुक्ताच्या कामात अ‍ॅड्रेनलिन इन्सुलिनच्या शेजारी आहे ते याचसाठी.

तपकिरी चरबीत तर हे ठळक दिसतं. जिनिव्हाच्या जिरार्दिए आणि सहकाऱ्यांनी १९६८ साली मोजलं: नॉरअ‍ॅड्रेनलिन दिलं की पेशीची आतली बाजू कमी ऋण होते. त्यांनी तर उष्णता निर्माण होण्याचा संबंध थेट त्याच्याशी जोडून पाहिला. तान्ह्या बाळाला थंडीत ऊब देणारी ती हीच चरबी.

वेदांतची_आई
माझ्या मुलाला टाइप १ आहे. सगळं नाही समजलं तरी दोनदा वाचलं. एक विचारू का? त्याच्या डॉक्टरांनी एकदा सांगितलं होतं की इन्सुलिन बाहेर पडतं तेसुद्धा विजेमुळेच. म्हणजे काय?

तालुक्याचा डॉक्टर
वेदांतची आई, नक्की विचारा. स्वादुपिंडातली बीटा पेशी खरोखर विजेवर चालते. ग्लुकोज तिच्यात गेलं की ऊर्जा, म्हणजे एटीपी, वाढते. त्यामुळे पोटॅशियमचा एक खास मार्ग बंद होतो, आतली बाजू कमी ऋण होते, कॅल्शियम आत येतं आणि इन्सुलिनच्या पिशव्या बाहेर रिकाम्या होतात. ग्लिबेनक्लेमाइडसारख्या गोळ्या तोच मार्ग बंद करतात, म्हणून टाइप २ मध्ये चालतात. वेदांतच्या शरीरात या पेशीच फारशा उरलेल्या नाहीत, त्यामुळे त्या गोळ्या त्याच्या कामाच्या नाहीत. त्याचं इन्सुलिन हाच त्याचा उपचार, त्यात खंड नको.

पण एक गोष्ट सांगावीशी वाटते. जन्मानंतर पहिल्या सहा महिन्यांत मधुमेह दिसलेल्या काही बाळांमध्ये या पोटॅशियम मार्गाच्याच जनुकात बिघाड असतो, असं २००४ साली कळलं. मार्ग बंदच होत नाही, म्हणून इन्सुलिन असूनही बाहेर येत नाही. त्यातल्या बऱ्याच मुलांची सुई सुटली, सल्फोनिलयुरियाच्या (ग्लिबेनक्लेमाइडच्या गटातल्या) गोळ्यांवर ती छान राहिली. म्हणून इतक्या लहान बाळाला मधुमेह निघाला तर जनुकीय तपासणी करायलाच हवी. हे आपल्याकडे अजून सगळ्यांपर्यंत पोचलेलं नाही, याची मला खंत आहे.

वेदांतची_आई
खूप आभार डॉक्टर. नीट समजलं.

खानदेशी वांगं
मग पोटाला विजेचा पट्टा लावला की चरबीच्या पेशीचं व्होल्टेज हलून ती वितळेल का? जाहिराती तर रोज येतात.

सह्यकडा
नाही. तो पट्टा फार तर स्नायू थरथरवतो. चरबी सुटते ती सायक्लिक एएमपीच्या वाटेने, म्हणजे उपाशी असताना किंवा व्यायामात. पैसे वाचवून चांगले बूट घ्या.

पुणे_३०
चरबी निघालीच आहे तर आमच्या पुण्याचं सांगतो. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभा असलेला फोटो २००४ साली छापून आला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण शरीरातली चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिनांची ९.१. आपण बारीक दिसतो आणि आत चरबी असते. म्हणून चरबीची पेशी इन्सुलिनला कशी उत्तर देते हा प्रश्न मला परका वाटत नाही, तो आपल्या घरातला आहे.

गंधार_के
+१. तो फोटो प्रत्येक दवाखान्यात लावावा.

मुक्ता_प
सगळ्यांचे मनापासून आभार. पिपेटवाली ताई, वजाबाकीचा भाग पुन्हा वाचला. मायटोकॉन्ड्रियाचा हिशोब त्यांनी वेगळा धरलाय, आता तो भाग उलगडला. अजून एक कोडं आहे. "इन्सुलिनसारखी द्रव्यं" या यादीत व्हॅनाडेट आणि वाबेन दिसतात. वाबेन तर पंप बंद करतं! मग ते इन्सुलिनच्या रांगेत कसं?

पिपेटवाली
मुक्ता, तुझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर या रांगेतच आहे.

व्हॅनाडेट म्हणजे व्हॅनेडियम धातूचं संयुग. फ्रान्समध्ये १८९९ सालीच सोडियम व्हॅनाडेट मधुमेही रुग्णांना देऊन पाहिलं होतं, इन्सुलिनच्या शोधाच्या वीसेक वर्षं आधी. मग १९७७ साली कळलं की ते सोडियम-पोटॅशियम पंप अडवतं. १९८० साली ड्युबियाक आणि क्लाइनझेलर यांनी उंदराच्या चरबीपेशीत दाखवलं की व्हॅनाडेट इन्सुलिनसारखं ग्लुकोज आत घ्यायला लावतं, आणि हा गुण पंप अडवण्याच्या गुणापासून वेगळा काढता येतो. आज आपण म्हणू, ते फॉस्फेट काढून टाकणाऱ्या विकरांना रोखतं, म्हणून इन्सुलिनचा संदेश चालूच राहतो.

आता विचार कर. इन्सुलिन हा सोडियम-पोटॅशियम पंप जोरात चालवतं, व्हॅनाडेट तो अडवू शकतं, वाबेन अडवतंच. आणि वाबेनलाही चरबीपेशीत काही इन्सुलिनसारखे परिणाम मिळाल्याची नोंद १९६० च्या दशकातली आहे. पंपाची दिशा उलट आणि ग्लुकोजची दिशा तीच, असं होत असेल तर पंपामुळे आलेला ऋणपणा हे ग्लुकोज शिरण्याचं कारण असू शकत नाही. ही द्रव्यं त्या यादीत ठेवण्यामागचं डोकं हे आहे. इन्सुलिन एकट्याने कारण आणि परिणाम वेगळे करता येत नाहीत, कारण ते दोन्ही एकदम करतं. त्यासाठी एकच करणारं किंवा उलट करणारं द्रव्य लागतं.

जुना शरीरक्रियावाला
पिपेटवाली, फार नेमकं. हे सुरुवातीच्या स्लाइडवर यावं.

गंधार_के
म्हणजे शेवटी मुक्ता आणि मी बरोबर 🙂

सह्यकडा
गंधार, थांब जरा. ग्लुकोजपुरतं बरोबर, व्होल्टेज बाद म्हणण्यापुरतं नाही. पांढऱ्या चरबीपेशीचं व्होल्टेज अलीकडच्या मोजमापांत उणे ३० च्या आसपास येतं, स्नायूच्या निम्म्याहून कमी. कारण तिथे पोटॅशियमपेक्षा क्लोराइडचं वजन जास्त. तो क्लोराइडचा धागा पुढे ओढला गेलाय. पेशी फुगली की उघडणारा आयनमार्ग एलआरआरसी८ए नावाच्या प्रथिनाचा आहे हे २०१४ साली सापडलं, त्याला स्वेल-१ असंही म्हणतात. २०१७ साली चरबीपेशीत दिसलं की पेशी चरबीने टम्म भरते तेव्हा हा मार्ग जागा होतो आणि इन्सुलिनच्या संदेशाला बळ देतो. चरबीपेशीतून तो काढून टाकलेल्या उंदरांना ग्लुकोज नीट हाताळता येत नाही. पेशी किती भरलीय हे तिच्या पडद्याला कळतं आणि इन्सुलिनचं ऐकायचं किती हे त्यावरून ठरतं, हे मला व्होल्टेजच्या जुन्या वादाहून मोठं वाटतं. पण हे प्रश्न विचारायची सवय त्या जुन्या लोकांनीच लावली.

मुक्ता_प
आता मांडणी अशी करते: आधी झिअरलर आणि निरोप्याचा शोध, मग मोजमापाची अडचण, मग वाबेन-व्हॅनाडेट, शेवटी डॉक्टरांचं १० युनिट इन्सुलिन आणि क्लोराइड. ग्लुकोजसाठी व्होल्टेज कारण नाही. पोटॅशियमसाठी पंप आणि व्होल्टेज दोन्ही कामाचे. सरांना हे सरळसोट वाटणार नाही.

जुना शरीरक्रियावाला
छान. एक सूचना. जुन्या लेखांत "व्होल्टेज वाढलं" असं लिहिलेलं असतं तेव्हा ते उणे ७० चं उणे ७५ झालेलं असतं, आणि काही आलेखांत ते वर चढताना काढलेलं असतं, काहींत खाली उतरताना. प्रत्येक आलेखाचा उभा अक्ष आधी तपास आणि सगळे एकाच दिशेने पुन्हा काढ, नाहीतर जर्नल क्लबचा निम्मा वेळ त्यातच जाईल.

पिपेटवाली
आणि एककं मिलिव्होल्टमध्येच ठेव. किरणोत्सारी आयनवाले निकाल गुणोत्तरात देतात, ते नर्न्स्टने बदलून घे. अडलं तर व्यनि कर, माझ्याकडे गणिताची फाइल तयार आहे.